न बोलणारा रोगी
(बालशुश्रूषेच्या इतिहासाचें एक आलोचन)

एखाद्या जुन्या धर्मग्रामाच्या दफनविधींच्या नोंदींची वही उघडणारास प्रथम काय दिसत असेल, तर तींतील लहान मुलांच्या नांवांची दाटी. बाप्तिस्म्याच्या वहींत जें नांव आलें, तेंच कांहीं महिन्यांनीं, कधीं कधीं कांहीं दिवसांनींच, या दुसऱ्या वहींत उतरलेलें आढळतें. ताप, खोकला, जुलाब, देवी, आंकडी अशा एका शब्दांत त्या जिवाची हकीकत संपते. हीं मुलें गेलीं ही गोष्ट जितकी दुःखद, तितकीच ही दुसरी गोष्टहि विचार करण्यासारखी आहे कीं, आपणांस काय होत आहे हें त्यांपैकीं बहुतेकांना सांगतांच आलें नाहीं. मोठा माणूस आजारी पडला म्हणजे तो कण्हतो, दुखरी जागा दाखवितो, पाणी मागतो. तान्हें मूल यांतलें कांहींच करीत नाहीं. तें रडतें, आणि आजार फार वाढला म्हणजे रडणेंहि सोडतें.

महोत्सवाच्या प्रसंगीं देवळांचा व शाळांचा इतिहास सांगितला जातो, आणि तें योग्यच आहे. त्याच्या जोडीस वाचकांपुढें आज एका निराळ्या सेवेचा इतिहास ठेवावयाचा आहे. आजारी मुलांच्या शुश्रूषेचा हा इतिहास म्हणजे न बोलणाऱ्या रोग्याचें बोलणें समजून घ्यावयास माणसें कशीं शिकलीं, याची हकीकत होय. त्यांत दया प्रथम आली व निरीक्षण मागाहून आलें; आणि जेव्हां जेव्हां या दोहोंची ताटातूट झाली, तेव्हां तेव्हां तिचें मोल मुलांनाच भरावें लागलें.

दयेची कथा आपल्या वाचकांस बरीच परिचयाची आहे. सतराव्या शतकांत पॅरिस शहरांत देवळांच्या पायऱ्यांवर व रस्त्यांच्या कडेला टाकून दिलेलीं तान्हीं मुलें दरवर्षीं शेंकड्यांनीं सांपडत. संत व्हिन्सेंट द पॉल व संत लुईज द मारिलाक यांनीं १६३३ सालीं ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा संघ स्थापिला. तोंपर्यंत व्रतस्थ स्त्रिया बहुधा मठाच्या भिंतींआड राहत. या नव्या भगिनी मात्र शहरांतून पायीं फिरत व गरिबांच्या घरीं जाऊन रोग्यांची सेवा करीत. १६३८ सालीं बारा टाकलेलीं मुलें आपल्या पदरांत घेऊन त्यांनीं या कार्यास हात घातला. मुलें खेड्यांतील दूध पाजणाऱ्या दायांकडे ठेवीत, आणि तीं नीट वाढत आहेत कीं नाहींत हें भगिनी स्वतः जाऊन पाहून येत. हें ‘जाऊन पाहून येणें’ फार महत्त्वाचें होतें. तथापि रोग कशानें होतो व कसा पसरतो, हें ज्ञान त्या काळीं कोणापाशींच नव्हतें. म्हणून मायेच्या पदराखालीं आलेलीं मुलेंहि मोठ्या संख्येनें दगावत.

पुढें १७६९ सालीं लंडनमध्यें डॉ. जॉर्ज आर्मस्ट्राँग यांनीं गरिबांच्या मुलांसाठीं एक मोफत दवाखाना काढला. आया मुलांस घेऊन येत, औषध व सल्ला घेत आणि घरीं परत जात. तेथें खाटा ठेवून मुलांस निजवावें, अशी सूचना पुढें आली असतां आर्मस्ट्राँग यांनीं ती मानली नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, आजारी मूल आईपासून तोडलें तर तें आजारापेक्षां त्या ताटातुटीनेंच अधिक खचेल. १७८१ सालीं हा दवाखाना बंद पडला आणि त्या डॉक्टरांचें हें म्हणणें लोक विसरले. सुमारें पावणेदोनशें वर्षांनीं तें पुन्हा आठवावें लागलें. तें कसें, हें पुढें येईलच.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, १८०२ सालीं, पॅरिसमध्यें केवळ मुलांसाठीं एक मोठें रुग्णालय उघडलें. पाश्चात्य देशांतील अशा प्रकारचें तें पहिलें रुग्णालय गणलें जातें. लंडन मात्र पन्नास वर्षें मागें राहिलें. १८४३ सालच्या एका गणनेप्रमाणें लंडनच्या सर्व रुग्णालयांत मिळून २,३६३ रोगी होते. त्यांत दहा वर्षांखालील मुलें अवघीं २६. त्याच शहरांत वर्षाकाठीं सुमारें ५०,००० माणसें मरत, व त्यांपैकीं सुमारें २१,००० हीं दहा वर्षांखालील मुलें असत. म्हणजे मरणाऱ्यांत मुलें दहांत चार, आणि रुग्णालयाच्या खाटांवर शंभरांत जेमतेम एक! लहान मुलें रडतात, त्यांना सांसर्गिक रोग असतात, त्यांच्यामागें फार माणसें लागतात, अशा कारणांस्तव बहुतेक रुग्णालयें त्यांस दारांतूनच परत लावीत.

ही स्थिति ज्यांना सहन झाली नाहीं, त्यांत डॉ. चार्ल्स वेस्ट हे प्रमुख होत. त्यांचें शिक्षण जर्मनींत व पॅरिसमध्यें झालें होतें, आणि लंडनच्या गरीब वस्तींतील मुलांच्या एका दवाखान्यांत त्यांनीं बरींच वर्षें काम केलें होतें. त्यांच्या खटपटीनें १४ फेब्रुवारी १८५२ रोजीं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील एका जुन्या घरांत दहा खाटांचें बालरुग्णालय सुरू झालें. तेथें ठेवून घेतलेली पहिली रोगी क्षयानें पछाडलेली साडेतीन वर्षांची एक मुलगी होती. पुढें पैशांची चणचण भासूं लागली, तेव्हां १८५८ सालीं प्रख्यात कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनीं या रुग्णालयासाठीं भाषण केलें व आपल्या कथेचें जाहीर वाचनहि केलें. त्यामुळें संस्था तगली.

खाटा मिळाल्या, परंतु त्यांच्यापाशीं बसावयाचें कोणी? त्या काळीं रुग्णालयांतील परिचारिका म्हणजे बहुधा अशिक्षित मोलकरीण असे. डॉ. वेस्ट यांनीं १८५४ सालीं आजारी मुलांची शुश्रूषा कशी करावी यावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचें शुश्रूषेवरील प्रसिद्ध पुस्तक त्यानंतर पांच-सहा वर्षांनीं आलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या लहानशा पुस्तकाची योग्यता कळून येते.

डॉ. वेस्ट यांनीं आपल्या शिष्यांस व परिचारिकांस जें शिकविलें, त्याचें सार असें. मुलाला प्रश्न विचारून उपयोग नाहीं, कारण त्याला उत्तर देतां येत नाहीं, किंवा भीतीनें तें भलतेंच उत्तर देतें. त्याच्याकडे टक लावून पाहिलें तर तें तोंड फिरवितें. नाडी पाहावयास हात धरला तर हिसका देतें. छातीला कान लावला तर आक्रोश करतें. म्हणून घाई करूं नये. मूल झोंपलेलें असेल तर तसेंच असूं द्यावें, आणि दूर बसून त्याच्या चेहऱ्याचा रंग, निजण्याची ढब व श्वासाची गति न्याहाळावी. जागें झाल्यावर आधीं त्याच्याशीं ओळख करावी. ज्या तपासणीनें तें रडेल, ती सर्वांत शेवटीं करावी. रडण्याचेहि प्रकार असतात. पोट दुखणारें मूल पाय पोटाशीं ओढून मोठ्यानें रडतें. छाती भरलेल्या मुलाचें रडणें आंखूड असतें, कारण त्याला रडण्यापुरताहि दम नसतो. अशीं चिन्हें जिला वाचतां येतात, तीच मुलांची खरी परिचारिका. डॉक्टर दिवसांतून एकदां-दोनदां येऊन जातो. रात्रभर मुलाजवळ तीच असते. तिनें पाहिलें नाहीं तर कोणीच पाहिलें नाहीं, असें होतें.

पुढील पन्नास वर्षांत या निरीक्षणास साधनांची जोड मिळाली. १८६७ सालच्या सुमारास इंग्लंडांतील डॉ. क्लिफर्ड ऑलबट यांनीं सहा इंच लांबीचा थर्मामीटर प्रचारांत आणिला. त्यापूर्वींचा थर्मामीटर फूटभर लांब असून ताप मोजावयास वीस मिनिटें घेई. तळमळणाऱ्या मुलाला तो लावणार कोण? नवा पांच मिनिटांत काम करी. ताप, नाडी व श्वास यांचे आंकडे खाटेच्या कागदावर नियमानें उतरूं लागले. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका कॅथरिन वुड यांनीं १८८८ सालीं स्पष्टपणें मांडलें कीं, आजारी मुलांची शुश्रूषा ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि तिचें शिक्षणहि स्वतंत्रच असावयास पाहिजे. मूल म्हणजे मोठ्या माणसाची लहान प्रत नव्हे. त्याची नाडी, त्याचा श्वास, त्याच्या औषधाचें प्रमाण, सर्वच निराळें असतें.

याच काळांत रोम शहरांत एक बीज पेरलें गेलें. १८६९ सालीं साल्व्हियाती घराण्यांतील डचेस अराबेला यांनीं पॅरिसच्या रुग्णालयाच्या धर्तीवर मुलांसाठीं एक लहानसें रुग्णालय काढलें. त्यांच्या मुलांनीं आपल्या गल्ल्यांतील सांठविलेले पैसे त्यासाठीं आईच्या हातीं दिले, असें सांगतात. आरंभीं एक खोली व चार खाटा इतकाच संसार होता, आणि सेवेस होत्या त्याच संत व्हिन्सेंटच्या भगिनी. ‘बाळ येशू’च्या नांवाचें तें रुग्णालय १९२४ सालीं पोप अकरावे पायस यांच्या स्वाधीन करण्यांत आलें, व आज तें युरोपांतील मोठ्या बालरुग्णालयांपैकीं एक आहे.

आपल्या मुंबईंत परळ येथें १९२९ सालीं बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उघडलें. केवळ मुलांसाठीं असें मोठें रुग्णालय वाडिया घराण्याच्या औदार्यानें या शहरास लाभलें. त्याच्याशीं ज्यांचें नांव निगडित आहे, त्या डॉ. जॉर्ज कोएल्हो यांस भारतांतील बालवैद्यकाच्या आद्य प्रवर्तकांत गणतात.

येथें आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासांतील एक गोष्ट सांगितली पाहिजे. रोग्यांची सेवा व्रतस्थ भगिनींनीं शतकानुशतकें केली. परंतु बाळंतपणाचें व सुइणीचें काम त्यांच्या व्रतास शोभत नाहीं, अशा समजुतीनें त्यांस तें करण्यास मनाई होती. याचा परिणाम असा होई कीं, जन्माच्या ज्या घटकेला बालकास जाणत्या हातांची सर्वांत अधिक गरज, त्याच घटकेला भगिनींना बाजूस उभें राहावें लागे. ज्या देशांत स्त्रिया पुरुष डॉक्टरास जवळ येऊं देत नसत, तेथें तर याचा अर्थ माता व बालक या दोघांचाहि मृत्यु असा होई. रावळपिंडींत काम केलेल्या डॉ. आना डेंगल यांनीं हें डोळ्यांनीं पाहिलें, आणि १९२५ सालीं वैद्यकी करणाऱ्या स्त्रियांचा एक संघ स्थापून ही मनाई उठविण्यासाठीं चिकाटीनें प्रयत्न केले. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं रोमहून आज्ञापत्र निघालें व भगिनींना ही विद्या शिकण्याची व चालविण्याची मोकळीक मिळाली.

आतां त्या विसरलेल्या इशाऱ्याकडे वळूं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बालरुग्णालयें स्वच्छ झालीं, शिस्तीचीं झालीं; परंतु त्या शिस्तींत आई दाराबाहेर राहिली. इंग्लंडांत पुष्कळ ठिकाणीं तिला आठवड्यांतून एकदांच, तेंहि थोडा वेळ, भेटूं देत. ती रोगजंतू घेऊन येईल हें एक कारण. आणि ती गेल्यावर मूल रडतें, त्यानें सगळा विभाग अस्वस्थ होतो, हें दुसरें. दोन-तीन दिवसांनीं मूल रडावयाचें थांबे. मग कागदावर लिहिलें जाई कीं, मूल रुळलें आहे.

मूल खरोखर रुळलें होतें काय? न्यूकॅसल येथील डॉ. जेम्स स्पेन्स यांनीं १९२० नंतरच्या दशकांतच आयांना मुलांबरोबर राहूं देण्यास आरंभ केला होता. पुढें लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेंतील जेम्स रॉबर्टसन यांनीं रुग्णालयांत ठेवलेल्या मुलांचें दीर्घकाळ निरीक्षण केलें. त्यांना आढळलें कीं, मूल प्रथम आक्रोश करतें, मग निराश होऊन गप्प बसतें, आणि शेवटीं आईकडेहि परक्यासारखें पाहूं लागतें. ज्याला रुळणें म्हणत होते, तो त्या मुलाचा शोक होता. डॉक्टर-परिचारिकांस हें पटेना, म्हणून रॉबर्टसन यांनीं १९५२ सालीं एक चित्रपट तयार केला. दोन वर्षांची एक मुलगी लहानशा शस्त्रक्रियेसाठीं आठ दिवस रुग्णालयांत राहते, एवढीच त्याची गोष्ट. ती फारशी रडत नाहीं. ओठ घट्ट मिटून, आपलें खेळणें धरून बसते. तिचा चेहरा पाहूनच पुष्कळांचीं मतें फिरलीं. १९५९ सालीं प्लॅट समितीनें सरकारला शिफारस केली कीं, आईबापांस केव्हांहि भेटूं द्यावें व लहान मुलांच्या आयांना त्यांच्याबरोबर राहण्याची सोय करावी. आपल्याकडील सार्वजनिक रुग्णालयांत जागेच्या व माणसांच्या टंचाईमुळें का होईना, मुलाच्या उशाशीं आई किंवा आजी बहुधा बसलेली असे. तिला अडचण समजत. वास्तविक ती अर्धी परिचारिकाच होती.

गप्प मुलाचा असाच दुसरा गैरसमज याहून भयंकर होता. नवजात बालकाला मोठ्यांसारख्या वेदना होत नाहींत, अशी समजूत वैद्यांत दीर्घकाळ होती, व त्यामुळें कित्येक तान्ह्या मुलांवर पुरेशा गुंगीच्या औषधावांचून शस्त्रक्रिया होत. स्नायू ढिले करणारें औषध दिलेलें असल्यानें मूल हालत नसे, रडत नसे. म्हणून त्याला कांहीं होत नाहीं असें मानीत. १९८७ सालीं ऑक्सफर्ड येथें संशोधन करणारे भारतीय डॉक्टर कन्वलजीत आनंद व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या शरीरांतहि शस्त्रक्रियेच्या वेळीं तीव्र प्रतिक्रिया उठतात, आणि वेदनाशामक औषध दिलें असतां त्या कमी होऊन मूल अधिक सुखरूप राहतें. तेव्हांपासून बालकाची वेदना मोजणें हेंहि परिचारिकेचें नित्याचें काम ठरलें.

निरीक्षण सर्वांच्या हातीं यावें यासाठीं तें सोपें व्हावें लागतें. न्यूयॉर्कच्या डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनीं १९५२ सालीं तसेंच केलें. जन्मानंतर एका मिनिटानें बालकाचे हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, स्पर्शाला प्रतिसाद व वर्ण या पांच गोष्टी पाहाव्या, आणि प्रत्येकीस शून्य, एक किंवा दोन गुण द्यावे. तोंपर्यंत निपचित जन्मलेलें मूल पुष्कळदां बाजूला ठेवून देत. आतां त्याच्याकडे पाहणें व त्यास गुण देणें भाग पडलें. आणि पाहिलें म्हणजे कांहीं करणेंहि आलें.

या विद्येचा अत्यंत हृद्य अध्याय आपल्याच महाराष्ट्रांत, गडचिरोली जिल्ह्यांत, लिहिला गेला. ज्याला आपल्याकडे ‘डबा’ म्हणत, तो मुलांच्या छातीचा रोग म्हणजे न्युमोनिया. पोट उडूं लागलें म्हणजे पोटालाच रोग झाला असें समजून मुलास चटके देण्याची प्रथा कित्येक भागांत होती. वस्तुतः रोग छातींत असतो आणि त्याचें पहिलें चिन्ह जलद श्वास हें असतें. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८८ नंतर खेड्यांतील कार्यकर्त्यांस, निरक्षर सुइणींस सुद्धां, श्वास मोजावयास शिकविलें. आंकडे न येणाऱ्या सुइणींसाठीं त्यांनीं मण्यांचें व वाळूच्या घड्याळाचें एक साधें साधन बनविलें. पुढें गांवोगांवच्या साध्या शिकलेल्या स्त्रियांना त्यांनीं नवजात बालकांची घरीं जाऊन शुश्रूषा करण्याचें शिक्षण दिलें. या ‘आरोग्यदूत’ स्त्रिया बाळाचें वजन घेत, ताप मोजत, त्यास ऊब देत आणि जंतुसंसर्गाचीं चिन्हें ओळखून उपचार करीत. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें, ज्या ३९ गांवांत हें काम चाललें, तेथील नवजात बालकांचा मृत्युदर तिसऱ्या वर्षीं तुलनेच्या गांवांपेक्षां सुमारें ६२ टक्क्यांनीं उतरला. २०११ सालीं भारत सरकारनें याच धर्तीवर ‘आशा’ कार्यकर्त्यांकडून घरोघर नवजात बालकांची देखरेख सुरू केली. संत लुईजच्या भगिनी दायांच्या घरीं जाऊन जें करीत, तेंच येथें पुन्हा झालें; फरक इतकाच कीं, आतां पाहणाऱ्या डोळ्यांना काय पाहावयाचें हें ठाऊक होतें.

हें ज्ञान रुग्णालयांतच राहावें असें त्यांत कांहीं नाहीं. मूल शांत असतांना, किंवा निजलेलें असतांना, त्याचें पोट व छाती उघडी करून घड्याळाप्रमाणें पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आंतील बालकाचे मिनिटास साठ किंवा अधिक, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक श्वास भरले, तर तो श्वास जलद समजावा व त्याच दिवशीं मुलास डॉक्टरकडे न्यावें. श्वास घेतांना बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जात असेल, मूल अंगावर पीत नसेल किंवा पाणीहि घेत नसेल, घेतलेलें सर्व ओकून टाकत असेल, त्यास आंकडी आली असेल, किंवा हलविलें तरी तें नीट जागें होत नसेल, तर एक घटकाहि दवडूं नये. दोन महिन्यांच्या आंतील बाळ तापलें किंवा गार पडलें, तरीहि हाच नियम. आणि ध्यानांत ठेवावें कीं, मोठ्यानें रडणाऱ्या मुलापेक्षां गप्प पडलेल्या आजारी मुलाकडे आधीं धांव घ्यावी.

आपल्या धर्मग्रामांतील ज्या भगिनी, माता व तरुण मुली आजाऱ्यांच्या भेटीस जातात, त्यांनीं फळें व प्रार्थना यांबरोबर ही विद्याहि आपल्यापाशीं बाळगावी, एवढीच विनंति आहे. तिला मोठें शिक्षण लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. एक घड्याळ, एक मिनिटभराची शांतता, आणि मुलाकडे नीट पाहण्याची इच्छा, इतकें असलें म्हणजे पुरें. बाकी उपचार डॉक्टर करील; परंतु त्याला वेळेवर हांक मारावयाची कीं नाहीं, हें मुलाच्या उशाशीं बसलेल्या माणसानेंच ठरवावयाचें असतें.